पेटली त राख, धुमसली त कोयसा

लाकडाला आग लावली की राख होते, हे शेंबड्या पोरालाही समजतं. पण तेच लाकूड हवा लागू न देता तापवलं, तर राख होत नाही. आधी पाणी निघतं, मग धूर, धुरातून चिकट काळं तेल, आणि मागं उरतो कोळसा. ह्या दुसऱ्या रीतीला शाळेच्या पुस्तकात ‘भंजक ऊर्ध्वपातन’ म्हणतात. आमच्या वेळेस हा शब्द फळ्यावर लिहिला की अर्धा वर्ग पेंगायला लागायचा. गुरुजींनी काचेच्या नळीत लाकडाचा भुसा भरला, बूच लावलं, खालून दिवा धरला. दुसऱ्या नळीत पिवळं-काळं पाणी जमलं आणि बारीक तोंडातून निघालेल्या वाफेला काडी लावल्याबरोबर ज्योत पेटली. तेव्हा कुठं पोरं जागी झाली.

मला मात्र त्यात नवल वाटलं नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या पोरानं हे काम नळीत नाही, खड्ड्यात पाहिलेलं असायचं. परतवाड्याकडून डोंगर चढायला लागलं की पूर्वी ठिकठिकाणी कोळशाच्या भट्ट्यांच्या जागा दिसत. काळी पडलेली गोल जमीन, त्यावर बरीच वर्षं गवतही नीट धरत नसे. अकोल्याकडं पातूर, बार्शीटाकळीच्या डोंगराळ भागातही तसंच. आणि बिब्ब्याचं तेल काढायचं गाडगं तर गावातल्या एखाद्या वैदाच्या किंवा जुन्या शेतकऱ्याच्या कोठ्यात हमखास सापडायचं. मोठ्या शब्दाचं शास्त्र आमच्याकडं गाडग्यात आणि मातीत वागवलं जात होतं. त्याचाच थोडा इतिहास इथं लिहितो.

आधी बिब्ब्याचं सांगतो.

बिब्बा आपल्या बोलण्यात जितका आहे तितका आता रानात राहिला नाही. जमलेलं काम कोणी बिघडवलं की आपण म्हणतो, ‘यानं बिब्बा घातला.’ शनिवारी दुकानाच्या दारावर लिंबू-मिरचीसोबत बिब्बा टांगतात. लहान पोराला दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा बांधतात. झाड मेळघाटात आणि डोंगरकडेला आपोआप उगवतं. हिवाळ्यात फळ तयार होतं. खाली काळं चकचकीत बी आणि त्यावर नारिंगी गराची टोपी. टोपी वाळवून खातात, तिला बिब्ब्याची फुलं म्हणतात. बीच्या आत पांढरी गोडंबी असते. ती डिंकाच्या लाडवात जाते, बाळंतिणीला देतात. खाली आणि वर, दोन्हीकडं खायची चीज. मधल्या टरफलात मात्र विष भरलेलं. टरफलाच्या जाळीत जे तेल असतं ते अंगाला लागलं की फोड येतात, कातडी सोलते, तोंड सुजतं. आमच्याकडं याला ‘बिब्बा उतला’ म्हणतात. काजूच्या टरफलात असंच तेल असतं. आंब्याच्या देठाचा चीक तोंडाला लागून फोड येतात, तोही याच खानदानातला. काजू, आंबा, बिब्बा हे सगळे एकमेकांचे भाऊबंद.

असं हे खुनशी तेल माणसाला हवं कशाला होतं? तर कामं पुष्कळ होती. धोबी बिब्ब्याच्या रसानं कपड्यावर खूण करायचा. त्यावर चुना लावला की खूण काळी पक्की होते, कितीही धुवा, जात नाही. इंग्रजीत या फळाचं नावच खूण करायचं फळ असं आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन शिपायांच्या मानेवर, कमरेवर चट्टे उठू लागले. डॉक्टरांनी शोध घेतला तर धोब्यानं कॉलरला आणि नाडीजवळ केलेली बिब्ब्याची खूण निघाली. शेतकऱ्याचं काम वेगळं होतं. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून बिब्ब्याचं तेल फासत. बैल लंगडला तर जाणता माणूस बिब्ब्याचा चटका द्यायचा. टाचेच्या भेगेला, काटा मोडलेल्या जागेला बिब्बा गरम करून लावायचे. आणि बंडीच्या लाकडी कण्याला ओंगण म्हणूनही हे तेल चालायचं. रस्त्यानं बंडी कुरकुरत चालली की म्हातारे म्हणत, ‘ओंगन घाल रे, बैलाच्या जिवावर उठला काय?’

हे तेल घाण्यात काढता येत नाही. तिळासारखं बिब्बा घाण्यात घातला तर तेली आठवडाभर खाटेवर पडेल. म्हणून त्याला आगीची युक्ती लागते, आणि ती युक्ती फार जुनी आहे. तिला पातालयंत्र म्हणतात. यंत्र म्हणजे लोखंडाचं काही नाही. दोन गाडगी आणि एक खड्डा.

रीत अशी. जमिनीत हातभर खड्डा खणायचा. त्यात एक रिकामं गाडगं ठेवायचं. दुसऱ्या गाडग्याच्या बुडाला भोकं पाडायची, त्यात बिब्बे भरायचे, तोंडावर झाकण बसवायचं. झाकणाच्या सांध्यावर चिंधी आणि माती कालवून लेप द्यायचा, हवेला फट म्हणून ठेवायची नाही. हे भरलेलं गाडगं खालच्या गाडग्याच्या तोंडावर बसवायचं, तो सांधाही लिंपायचा, आणि सांध्यापर्यंत माती लोटून खड्डा बुजवायचा. आता खालचं गाडगं जमिनीत, वरचं जमिनीवर. वरच्याच्या भोवती गोवऱ्या रचून पेटवायच्या. आग बाहेर, बिब्बे आत. धूर नेहमी वर जातो, पण इथं वरची वाट बंद आहे. म्हणून तेल आणि वाफ दोन्ही बुडाच्या भोकातून खाली उतरतात. खाली मातीचा गारवा असतो, तिथं वाफ निवते आणि गाडग्यात काळं दाट तेल जमतं. गोवऱ्या विझल्यावरही घाई करायची नाही. रात्रभर तसंच राहू द्यायचं, सकाळी निवल्यावर उघडायचं. गरम असताना उघडलं तर वाफ तोंडावर येते, आणि बिब्ब्याची वाफ हातातल्या बिब्ब्यापेक्षा वाईट.

ही रीत कोणा एका गावची नाही. तेराव्या शतकाच्या आसपासचा ‘रसरत्नसमुच्चय’ नावाचा संस्कृत ग्रंथ वैद्यांमध्ये प्रसिद्ध आहे, त्यात औषधं करायच्या अशा यंत्रांचं वर्णन एका वेगळ्या अध्यायात दिलं आहे. खाली उतरवून धरायची ही युक्ती धातूलाही लावलेली होती. राजस्थानात उदयपूरजवळ जावर इथं जुन्या काळी जस्त काढत. जस्ताची अडचण अशी की ते भट्टीत तापलं की वाफ होऊन उडून जातं. तिथल्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी केल्या, त्या उलट्या लावल्या आणि वाफ खाली थंड भांड्यात उतरवली. त्या वापरलेल्या मुशींचे ढीग अजून तिथं पडलेले आहेत. युरोपात जस्त काढायचे कारखाने अठराव्या शतकात निघाले. आपल्याकडं ते काम त्याच्या कितीतरी आधी चाललं होतं. बिब्ब्याच्या गाडग्यामागची आणि जावरच्या मुशीमागची अक्कल एकच. उडून जाणारी चीज वर सोडू नको, खाली धर.

पण ह्या अकलेची किंमत कोणी मोजली, तेही सांगितलं पाहिजे. बिब्बे रानातून आणायचे कोरकू आणि इतर गरीब माणसं. गोडंबीसाठी बिब्बे फोडायच्या बाया. दगडावर बिब्बा ठेवून वरून घाव घालायचा, टरफल फुटलं की तेलाचा शिंतोडा उडणारच. हाताला खोबऱ्याचं नाहीतर तिळाचं तेल चोपडायचं, राख लावायची, चिंध्या गुंडाळायच्या. तरी बोटं काळी पडून भेगाळतात, तोंडावर डाग राहतात. विदर्भात आणि मराठवाड्यात हे काम आजही बाया करतात. दुकानात गोडंबी पांढरीशुभ्र दिसते आणि महाग मिळते. ती फोडणारीच्या हाताकडं पाहिलं तर माणूस लाडू खाली ठेवील. तेल खड्ड्यात उतरवायची युक्ती निघाली, पण बाईच्या हातावरचं तेल थांबवायची युक्ती कोणी मनापासून शोधली नाही, हे मला फार खटकतं.

आता कोळशाकडं येतो. मराठीत लाकडाच्या कोळशाला लोणारी कोळसा म्हणतात, कारण चुना आणि कोळसा भाजण्याचा धंदा लोणारी समाजाचा होता. आमच्याकडं हे काम लोणारी करायचे, डोंगरातले इतर लोकही करायचे. दगडी कोळसा गावात येण्याआधी लोहाराचा भाता, सोनाराची शेगडी, धोब्याची इस्त्री हे सगळं लोणारी कोळशावर चाले. बंडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायची तर ती लाल तापावी लागे. लोखंड तापवून ठोकायला लाकडाची आग पुरत नाही, धग कोळशाचीच लागते. नांगराचा फाळ, कुदळ, विळा, पास, सगळ्यांच्या मागं कोळसेवाला उभा होता. पण शेतीच्या इतिहासात त्याचं नाव कोणी लिहीत नाही.

लहानपणी मी एका म्हाताऱ्या कोळसेवाल्याजवळ तासन् तास बसायचो. तो बाभूळ, धावडा, अंजन अशी जड लाकडं हात-दीड हाताची तोडायचा. मधोमध एक खांब उभा करून भोवती लाकडं उभी लावत जायचा, ढिगाला घुमटाचा आकार द्यायचा. त्यावर पाला आणि गवत, त्यावर ओली माती लिंपायची. मधला खांब उपसला की धुराड्याची वाट तयार. त्या वाटेनं आत निखारे टाकायचे. एकदा आत धग धरली की वरचं तोंड बुजवायचं आणि बुडाशी बोटा-दोन बोटांची छिद्रं ठेवायची. आत शिरणारी हवा फक्त तेवढीच. मी एकदा विचारलं, “बाबा, जाळ काहून दिसत नाई?” तो म्हणाला, “जाळ दिसला का गेलं समजाचं, बापू. पेटली त राख, धुमसली त कोयसा.”

म्हाताऱ्याचं सगळं लक्ष धुरावर असायचं. पहिले धूर पांढरा आणि ओला येतो, ते लाकडातलं पाणी. मग दाट, पिवळट, डोळ्यात झोंबणारा. तो लाकडाचं तेल आणि आम्ल घेऊन निघतो. शेवटी धूर पातळ आणि निळा होतो. निळा झाला की समजायचं, आता कोळसा तयार, यापुढं जळेल तो आपला माल. लगेच सगळी छिद्रं बुजवायची आणि भट्टी निवू द्यायची. लहान भट्टीला चार-पाच दिवस, मोठीला आठ-पंधरा दिवस. तेवढे दिवस माणूस तिथंच झोपायचा, कारण माती कुठं खचली, भेग पडली, तर रात्रीतून भट्टी पेट घ्यायची आणि महिन्याभराची मेहनत सकाळी राख होऊन पडायची. त्याच्याजवळ घड्याळ नव्हतं, तापमापक नव्हतं. धुराचा रंग, मातीवर ठेवलेला हात आणि नाक, एवढ्यावर तो लाकडाच्या पोटातलं सांगायचा.

इतकं करूनही हिशोब काय? चार-पाच किलो, कधी सहा किलो लाकूड जावं तेव्हा एक किलो कोळसा हाती येतो. बाकीचं गेलं कुठं? धुरात गेलं. त्या धुरातच डांबर होतं, आम्ल होतं, पेटणारा गॅस होता. म्हाताऱ्यानं चार चिजांपैकी एक धरली, बाकीच्या तीन त्याच्या छातीत नाहीतर आभाळात गेल्या. कोळशाच्या गॅसचा एक प्रकार असा की त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत ती त्यामुळंच. भट्टीवरची माणसं खोकत-खोकत म्हातारी होत, त्यांच्या खोकल्याला कोणी रोगाचं नाव दिलं नाही.

तो धूर धरायचं काम विलायतेत झालं, आणि इतिहास तिथंच फिरला. तिकडं लाकूड नाही, दगडी कोळसा बंद भट्टीत तापवायला लागले. अठराव्या शतकाच्या शेवटी त्यातून निघालेल्या गॅसवर दिवे लागले. आपल्या मुंबईत 1865 मध्ये रस्त्यावर गॅसचे दिवे पेटले, ते याच रीतीनं काढलेल्या गॅसवर. गॅस काढल्यावर जे घट्ट उरायचं त्याला कोक म्हणतात. कोक म्हणजे दगडी कोळशाचा लोणारी कोळसाच म्हणा ना. मधे जे काळं चिकट डांबर निघायचं ते मात्र कोणाला नको होतं. नदी-नाल्यात सोडून देत.

मग 1856 मध्ये लंडनला विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा हिवतापाचं औषध करायला गेला आणि डांबरातून काढलेल्या पदार्थापासून त्याच्या हाती जांभळा रंग लागला. तिथून डांबराचं सोनं झालं. 1868 मध्ये जर्मनीत मंजिष्ठेचा लाल रंग डांबरापासून केला गेला. हे दूरचं वाटेल, पण त्याची धग वऱ्हाडापर्यंत पोचली. आपल्या मुलखात पूर्वी आल नावाचं रंगाचं झाड लावायचे. त्याच्या मुळ्या तीन-चार वर्षांनी खोल खणून काढायच्या, त्यापासून लाल रंग. त्या रंगाचं खारवा नावाचं जाडंभरडं कापड वह्यांच्या बांधणीला, गाद्यांना, पडद्यांना जायचं. खणणारे, विकणारे, रंगारी, किती घरं त्यावर जगत. डांबराचे रंग पुड्यांतून बाजारात आले, स्वस्त आणि वापरायला सोपे, तेव्हा आल कोण खणत बसतो? एकोणिसावं शतक सरता सरता हे पीक शेतातून गेलं. आज ‘आल’ म्हटलं तर आमच्या गावातला पोरगा दुधी समजेल नाहीतर अद्रक.

याच काळात वऱ्हाडचं सगळंच बदलत होतं. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. 1867 पर्यंत मुंबईची रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. कापूस बाहेर जाऊ लागला, आणि आलेल्या गाडीबरोबर दगडी कोळसा आत येऊ लागला. 1870 नंतर चांद्याकडं वरोऱ्याची खाण सुरू झाली. जिनिंग-प्रेसिंगची इंजिनं कोळशावर, रेल्वे कोळशावर. आमची शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची ती छोटी गाडी, 1994 पर्यंत कोळशाच्या इंजिनावर धावली. लोहारानंही हळूहळू दगडी कोळसा घेतला. लोणारी कोळसेवाला मागं पडत गेला.

जंगलाचा कायदाही आला. भारतीय वन कायदा 1927 चा आहे. त्यात वनोपजाची जी यादी दिली आहे तिच्यात कोळसा आहे, आणि तो जंगलातून आणलेला असो वा नसो, वनोपजच धरायचा, असं लिहिलेलं आहे. राखीव जंगलात कोळसा भाजणं हा गुन्हा. यात जंगल वाचवायचा हेतू असेल, आणि भट्ट्यांनी डोंगर उघडे पडले हेही खोटं नाही. पण कायद्यानं जंगल सरकारचं केलं आणि भट्टीवाल्याला चोर केलं. 1974 मध्ये मेळघाटात व्याघ्र प्रकल्प झाला. त्यानंतर डोंगरातली उरलीसुरली भट्टीही गेली. वाघ राहिला याचा मला आनंदच आहे. फक्त ज्या माणसाला धुराचा रंग वाचता येत होता तो मजुरीला गेला आणि त्याचं वाचणं त्याच्यासोबत संपलं.

मधल्या काळात लोणारी कोळशाला एकदा मात्र भाव आला होता. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर मिळू लागलं तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालल्या. बसच्या मागं पिंपाएवढी शेगडी बसवलेली. त्यात कोळसा भरून अर्धवट हवेत पेटवायचा, निघालेला गॅस गाळून इंजिनला द्यायचा. निघायच्या आधी क्लीनर पंखा फिरवून-फिरवून घामाघूम व्हायचा. आमचे आबाजी सांगत, चढावर लोकांना उतरून गाडीला हात लावावा लागे. “तिकीट बी आमीच काढाचं अन् ढकलाचं बी आमीच.” पण त्या गाडीनं एक गोष्ट दाखवून दिली. धुरातही जोर आहे, धरता आला पाहिजे.

आता घरातल्या घरात पाहा. कपड्यांच्या पेटीत आपण डांबरगोळी टाकतो. तिचं नावच सांगतं की ती दगडी कोळशाच्या डांबरातून निघाली. रस्त्यावरचं डांबर हल्ली खनिज तेलाचं असतं, पण डांबरगोळीनं जुनं नाव धरून ठेवलं. गोठ्यात शिंपडायचं काळं फिनेल तेही डांबराच्याच तेलाचं. वाळवीला पूर्वी बिब्बा लावायचे, मग डांबर लावू लागले. दोन्ही बंद भांड्यात तापवून काढलेले. एक आपल्या कोठ्यातल्या गाडग्यात उतरायचं, दुसरं डब्यात भरून बाजारातून आलं. भिलाईचा पोलाद कारखाना 1959 मध्ये सुरू झाला. तिथं कोक करताना निघालेल्या वायूतून अमोनिया धरतात आणि त्याचं अमोनियम सल्फेट करतात. ते खत आपण कपाशीला, संत्र्याला घातलं. म्हणजे आमच्या म्हाताऱ्यानं जो धूर आभाळात सोडला, तशाच धुरातून त्यांनी गॅस काढला, डांबर काढलं, खत काढलं आणि तेच आम्हाला थैलीत भरून विकलं. आपल्या देशातही लाकडाचा धूर धरायचा मोठा प्रयत्न झाला होता. म्हैसूर संस्थानानं 1923 मध्ये भद्रावतीला कारखाना काढला, तिथं लाकडाचा कोळसा लोखंडाच्या भट्टीला जायचा आणि धुरातून लाकडी स्पिरिट काढायचे. सगळा इतिहास मला असा दिसतो, राजेहो, की ज्यानं धूर धरला त्याचा पैसा झाला, आणि ज्यानं अंगावर घेतला त्याची कातडी गेली.

हे जुनं उकरून काढायचं कारण आजचं आहे. वऱ्हाडात दरवर्षी कापूस संपला की शेतात पऱ्हाटी उभी राहते. एकरी टनाच्या आसपास तरी निघते. पूर्वी ती चुलीत जायची, कुडाला जायची. तुराटीचंही तेच. आता घरोघर गॅस आला, भिंती विटांच्या झाल्या. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं दाणादाण उडवल्यापासून पऱ्हाटी वेळेवर उपटून शेताबाहेर काढा असं कृषी खातं आणि विद्यापीठ सांगतं, आणि ते खरंच आहे, कारण वाळल्या बोंडात अळी दबा धरून बसते. मग शेतकरी काय करतो? धुऱ्यावर ढीग लावतो आणि काडी ओढतो. संध्याकाळच्या वेळी अकोल्याहून दर्यापूरकडं निघा, दोन्ही बाजूला जाळच जाळ. दोन तासात टनभर माल राख. उघडी आग लावायला अक्कल लागत नाही, म्हणूनच ती सगळ्यांना जमते.

हैदराबादच्या कोरडवाहू शेतीच्या केंद्रीय संस्थेनं याच पऱ्हाटीचा कोळसा करायची साधी भट्टी दाखवली आहे. लोखंडी पिंप, बुडाला छिद्रं, पेटवून झाकण लावायचं, कडा मातीनं लिंपायच्या. चित्र पाहिलं तेव्हा मला हसू आलं. मातीच्या जागी पत्रा आला, बाकी म्हाताऱ्याचीच भट्टी. ह्या कोळशाची भुकटी करून शेणखतात मुरवून जमिनीत घालतात. कोळसा जमिनीत शेकडो वर्षं कुजत नाही. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या जंगलात जुन्या लोकांनी कोळसा, हाडं, खापरं घालून केलेली काळी माती आजही सुपीक आहे. आपली काळी जमीन वेगळी, ती खडकापासून झालेली, आणि तिला कोळशाचा जादूसारखा गुण येईल असं मी कोणाला सांगणार नाही. हलक्या, मुरमाड, डोंगरकडेच्या जमिनीला त्याचा उपयोग जास्त. भारी जमीन असेल त्यानं आधी दोन तासांवर करून पाहावं, मग बोलावं.

पण करायचं तर तीन गोष्टी पाहून करावं. पहिली, पिंपाजवळ जो माणूस राहील त्याच्या नाकाचा, डोळ्याचा विचार आधी. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहायचं, बंद कोठ्यात हे काम करायचंच नाही, आणि निवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. दुसरी, स्वतःच्या शेतातल्या पऱ्हाटीचा कोळसा विकायला नेताना शेतकऱ्याला वनखात्याची भीती वाटू नये असं सरकारनं स्पष्ट लिहून द्यावं. यादीत ‘कोळसा’ हा एकच शब्द आहे. सागाचा कोणता आणि पऱ्हाटीचा कोणता, हे नाक्यावरच्या शिपायानं ठरवायचं काय? तिसरी, गोडंबी फोडणाऱ्या बायांना चांगलं यंत्र आणि चांगले हातमोजे मिळावेत. आपल्याकडं कृषी विद्यापीठ आहे, अभियांत्रिकीची कॉलेजं आहेत. दोन गाडग्यांत तेल उतरवणाऱ्या लोकांच्या वारसांना एवढं जमू नये असं नाही.

मेळघाटाच्या पायथ्याशी अजून दोन-चार म्हातारे असतील ज्यांना भट्टी लावता येते. त्यांच्याजवळ एखाद्या शिकलेल्या पोरानं आठ दिवस बसावं, धुराचे रंग लिहून घ्यावेत, कोणत्या लाकडाला किती दिवस ते लिहून घ्यावं. वही असो की मोबाईल, कशातही चालेल. पण लवकर बसावं. म्हातारे आता थोडे उरले आहेत, आणि पऱ्हाटी तर दर साली उभीच आहे.